आधी सांधायचं, मग कुटायचं

थर्झा ग्रीनवुडला कोड्याचं उत्तर सांगून खूश करता यायचं नाही. तुम्ही उत्तर सांगा, ते अगदी बरोबर असू द्या, ती चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "का?" 'चौकटीत बसतंय की' म्हणालात तर मेलातच.

"चौकटीत काय, रेटून बसवलं तर डुक्करबी बसतंय. का, ते सांग."

मी स्केल्डनच्या लोकर गिरणीत सत्तावीस वर्षं मागांचा जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा, होतो. माझे माग विणायचे ते कापड थेट तिच्या टेबलावर जायचं आणि माझ्या मागांनी केलेली पापं ती चिमट्यानं उपसायची. तेव्हा तिचा तो 'का' मी दिवसातून चारदा खाल्लेला आहे. "जॉबरा, तिसऱ्या मागाचा धागा तुटलेला दिसला न्हाई का? का न्हाई दिसला?" टोपी काढून डोकं खाजवायचं.

सांधणाऱ्या बायांचा आमच्या गिरणीत तोरा असायचा. विणकरणी डोक्याला फडकं बांधून यायच्या. या हॅट घालून, हातमोजे घालून. उत्तरेच्या खिडक्यांखाली उतरती टेबलं. कापड पुढ्यात ओढायचं, बोटांची टोकं त्यावरून फिरवायची. डोळ्याला दिसायच्या आत बोटाला कळायचं, की इथे एक धागा गळलाय. मग सुई घेऊन तो धागा असा भरायचा, की मागानंच विणला असं वाटावं: दोन वर, दोन खाली, एक सोड, पुन्हा दोन. थर्झाच्या हातून गेलेला तुकडा परत आला असं एकदाही झालं नाही. कोडं सोडवायला काही निराळं डोकं लागत नाही, असं ती म्हणायची. रचना काय आहे ते धरायचं आणि गळलेलं भरायचं.

कोड्यांचा नाद तिला लागला तो मच्छीच्या दुकानात. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, दिवसा गिरणी, संध्याकाळी मावशीच्या दुकानात तळलेला कॉड मासा आणि बटाटे कागदात गुंडाळायला. रद्दी यायची ती वरच्या आळीतून. आमचं गाव उतारावर, वरच्या आळीला धूर पोचत नाही, म्हणून तिथे डॉक्टर, बँकवाले, शाळामास्तर. त्यांच्या पेपरांच्या मागच्या पानावर शब्दकोडं. थर्झा ते फाडून एप्रनच्या खिशात घालायची आणि उरलेल्या पानात मासा बांधायची. पुष्कळदा कोडं कुणीतरी शाईनं अर्धवट सोडवलेलं असायचं आणि त्यातलं निम्मं चुकीचं. उत्तरं छापून यायची दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवसाचं पान दुकानात येईलच असं नाही, आणि आलं तरी तोवर ते कुणाच्या तरी माशाभोवती घरी गेलेलं. म्हणजे तिचं उत्तर बरोबर की चूक, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. मग खात्री कशानं करायची? एकाच गोष्टीनं. उत्तर सुचवणारं जे सूत्र छापलेलं असतं, त्यातला शब्द न् शब्द कामाला लागला पाहिजे. एकही शब्द रिकामा बसलेला दिसला तर उत्तर खोटं.

इकडच्या इंग्रजी कोड्यांचं सूत्र वाचायला साधं वाक्य असतं आणि आतून लबाड. 'गुत्त्यात नफा, म्हणजे चांगला सौदा.' वाचणाऱ्याला वाटतं, गुत्तेवाल्याची गोष्ट चाललीय. थर्झा ते उसवायची. शेवटी 'चांगला सौदा', तो झाला अर्थ. उरलं ते नुसतं यंत्र: गुत्ता म्हणजे बार, नफा म्हणजे गेन, जोडा, बारगेन. सात घरं भरली, एकही शब्द उरला नाही. त्याच सात घरांत वरच्या आळीच्या कुणा बँकवाल्यानं शाईनं भलताच शब्द कोंबलेला तिनं पाहिला होता, आणि त्या दिवसापासून शाईवरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच.

विल्फ, तिचा नवरा, रंगखात्यात. त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तपकिरी. त्याला कोड्यातलं ओ की ठो कळायचं नाही. तो म्हणायचा, "लग्नाची मागणी घातली तवा हिनं इचारलं, का? मी म्हटलं, आवडतीस. ही म्हणती, ह्ये बसतंय, पन का? तीन आठवडे डोकं फोडलं बघा मी."

"मंग?" आम्ही विचारायचो.

"मंग काय, अजून सांगतोयच."

आता इन्स्टिट्यूटची, म्हणजे गावातल्या सभासदांच्या मंडळाच्या इमारतीची गोष्ट. खाली डॉमिनोची खोली, ती आमची. वर वाचनालय, तिथे वरच्या आळीची कोडेमंडळी. पायऱ्यांना कुणी कुलूप लावलेलं नव्हतं. पण आम्ही चढत नव्हतो, हेही खरं. दर हिवाळ्यात पेनिंग्टन मास्तर, म्हणजे शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले, एक मोठं कोडं रचायचे. प्रत्येक कोड्याला एक विषय. नववर्षाच्या आठवड्यात टंकलेले कागद वाटायचे, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीनला निकाल. जो जिंकेल त्यानं फळ्यापाशी उभं राहायचं आणि एकेक सूत्र उसवून दाखवायचं, सगळ्यांसमोर. मग त्याचं नाव सोनेरी अक्षरांत भिंतीवरच्या लाकडी पाटीवर चढायचं आणि पुढच्या हिवाळ्याचं कोडं रचायचा हक्क त्याला मिळायचा. तसा तो हक्क आजवर एकानंच वापरला होता. बाकीचे लाजून मास्तरांनाच परत करायचे. पाटीवर एकतीस नावं. सगळी वरच्या आळीची.

थर्झाला ती पाटी हवी होती. लपवाछपवी नव्हती. "मला माझं नाव तिथं पायजे," ती डॉमिनो खेळणाऱ्यांच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, "आनि मला कोडं रचायचंय. चाळीस वर्सं दुसऱ्यांचं सांधतीया, आता माझं विनायचंय." चार हिवाळे ती पायऱ्या चढून गेली, हॅट घालून. चार वेळा दुसरी, तिसरी. आणि अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत कोड्याचा विषय निघाला: लोकर गिरणी.

कागद हातात पडताच आम्ही खाली टेबलं बडवली. विल्फ म्हणाला, "ह्ये तर तुझ्याच घरात चोरी करायला आलं म्हनायचं!"

थर्झा हसली नाही. वाचत राहिली. कोड्यात नऊ सूत्रांना अर्थाचा भाग मुद्दाम दिलेला नव्हता, नुसतं यंत्र. ती नऊ उत्तरं म्हणजे गिरणीतली नऊ कामं. आणि चौकटीखाली नऊ रेघा होत्या: ही कामं त्या क्रमानं लिहा, ज्या क्रमानं लोकर दारातून आत येऊन कापड होऊन बाहेर पडते.

तीन आठवडे गेले. शनिवारी आम्ही खालचे अकरा जण पहिल्यांदाच वर चढलो आणि मागच्या भिंतीला टोप्या हातात धरून उभे राहिलो. ग्रंथपाल मिस इबट्सन, समितीच्या अध्यक्षा, चहाच्या भांड्यापाशी. पेनिंग्टन मास्तर लिफाफे घेऊन टेबलाशी.

"एकूण सात कागद आले," मास्तर म्हणाले. "चौकट सातही जणांची अचूक. अभिनंदन. क्रम मात्र सहा जणांचा बरोबर. मिसेस ग्रीनवुड, तुमचा सांधणीचा क्रमांक चुकला. तुम्ही सहावी लिहिलीत; ती नववी आहे. सहा जणांत चिठ्ठी टाकली आणि विजेते आहेत डॉक्टर बीव्हर."

टाळ्या पडल्या. मागे एकही पडली नाही. सांधणारीचाच सांधणीचा क्रम चुकला! थर्झाच्या मानेवर लाल चट्टे उठले, पण ती बसून राहिली.

डॉक्टर बीव्हर भला माणूस. आमच्या निम्म्या आळीची बाळंतपणं त्याच्या हातची. तो फळ्यापाशी गेला आणि सुरुवात झोकात केली. "मोटार आणि घंटेचा ठोका. कार, डिंग. कार्डिंग, म्हणजे पिंजणं." टाळ्या. "पुढचं: 'टी'च्या मागून आत शिरणं. आत शिरणं म्हणजे एंटरिंग, आधी टी लावा, टेंटरिंग. ओलं कापड आकड्यांवर ताणून वाळवणं." पुन्हा टाळ्या. तिसऱ्याला गाडी अडली. सूत्र होतं: 'धावा जमवताना पोटात बडा माणूस.' डॉक्टरनं लिहिलं, स्कावरिंग, म्हणजे लोकर धुणं. आणि खडू हातात धरून तो थांबला. "धावा जमवणं म्हणजे स्कोअरिंग, इथपर्यंत दिसतं. बाकी... चौकटीत बसतं खरं."

मागून कुणीतरी खोकलं. आम्हाला ठाऊक होतं आता काय होणार.

"का?" थर्झा म्हणाली.

"मिसेस ग्रीनवुड, खुलासा विजेत्यानं करायचा असतो," मास्तर म्हणाले.

"करू द्या की. मी इचारतीया, का?"

"सांगता येत नाही बुवा," डॉक्टरनं मोकळेपणी कबूल केलं.

ती उठली, हॅट सारखी केली आणि फळ्याकडे चालू लागली. "बिगर जिंकता सांगायला बंदी हाय का, बाई?" तिनं जाता जाता मिस इबट्सनला विचारलं. मिस इबट्सननं नियमांची वही उघडली, मिटली. तशी बंदी कुणी लिहिलीच नव्हती.

थर्झानं फळ्यावर स्कोअरिंगची सात अक्षरं मांडली आणि मधोमध फट पाडून एक यू घातला. "बड्या घरचं बोलनं, बड्या घरची चाल, त्याला कोड्यात 'यू' म्हनत्यात. धावा जमवनाऱ्याच्या पोटात यू गेला की झालं धुनं. तो यू म्हंजी तुम्हीच की, डाक्टरसायब. सवताच सवताला वळखलं न्हाई तुम्ही."

डॉक्टर पोट धरून हसला. मास्तर नाही हसले.

"आता शेवटचं," थर्झा म्हणाली. "एम आनि समाप्ती. एंडिंगच्या आधी एम, मेंडिंग. सांधनं. यंत्र झ्याक हाय मास्तर, मान्य. पन तुमचा क्रम खोटा हाय."

"मी ज्ञानकोशातून पडताळून घेतलेला आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्यात नऊ चित्रं आहेत. शेवटच्या चित्रात तुमच्यासारखीच एक बाई सुई घेऊन बसली आहे."

"आम्हीही तोच ग्रंथ पाहिला," बँकेचे मॅनेजर म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. सहाच्या सहा जणांनी याच खोलीतल्या, त्याच कपाटातल्या, त्याच जाड पुस्तकाचं तेच पान उघडलं होतं. खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसत होतं. खाली उतरून विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"शिवाय शेवट तर त्या शब्दाच्या पोटातच आहे," मास्तर म्हणाले, जरा गमतीनं.

"शब्दाच्या पोटात काय का असंना. मी कापडाचं बोलतीया. तुमचा कोट काढा."

"काय?"

"कोट, मास्तर. तो आमच्या गिरनीचा हाय, काठ बघून सांगते."

मास्तरांनी कोट काढला. बाही वर सरलेली, विजारीचे पट्टे दिसणारे मास्तर गावानं पहिल्यांदा पाहिले. थर्झानं कोट टेबलावर पसरला. "ह्यात कमीत कमी वीस धागे माझ्या खोलीत भरल्यात. शोधा."

ते सहाही जण कोटावर वाकले. डॉक्टरनं भिंग काढलं. कुणाला काही सापडेना.

"तुम्ही दाखवा ना," मास्तर म्हणाले.

"मलाबी सापडायचं न्हाई. तेच तर काम. का सापडत न्हाई, सांगू? मागावरनं उतरलं की कापड आधी माझ्याकडं. जाळी उघडी असती, धागा न् धागा मोजता येतो. मी भरते. मंग त्ये साबनाच्या पान्यात जातं, कुटत्यात त्याला, आनि लोकर फुगून एकमेकीत गच्च बसती. माझा धागाबी त्यांच्यासंगं फुगतो, आटतो, त्यांच्यातलाच व्हतो. कुटल्यावर माझ्याकडं आनलं तर मी काय मोजू? आनि भरला धागा तर तो जन्मभर उपऱ्यावानी वर दिसंल. ढुंगनावर ठिगळ."

"पण तयार कापड शेवटी पुन्हा तुमच्याकडे येतं, हे खरं ना?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. "येतं," ती म्हणाली. "एक नजर टाकाया. कुसळ ऱ्हायलं तर उपटाया. त्याला आमी सांधनं म्हनत न्हाई. न्हाई का रं, जॉबरा?"

एवढ्या लोकांत माझं नाव निघालं. मी म्हणालो, "व्हय. सहावंच." मागच्या बाकी दहाजणांनी टोप्या हलवल्या.

मिस इबट्सननं मार्ग काढला. "दोघांची नावं लावू या का? डॉक्टर बीव्हर आणि मिसेस ग्रीनवुड."

"माझी हरकत नाही. उलट बरं वाटेल," डॉक्टर म्हणाला.

"मला बरं वाटत न्हाई," थर्झा म्हणाली. "एकाच कापडाला दोन क्रम नसत्यात. एक तर मी चुकले, न्हाईतर मास्तर. सांगा कोन."

मास्तरांनी कोट पुन्हा अंगात घातला. "नियम सहावा. रचनाकाराचं उत्तर अंतिम."

झालं. विल्फ घरी जाताना म्हणाला, "घ्यायचं व्हतंस अर्धं." ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरचं नाव सोन्यात चढलं. पुढच्या शनिवारी थर्झा हॅट घालून वर गेली, खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि त्या नावाशेजारी पांढऱ्या खडूनं फुली मारून खाली उतरली. गिरणीत कापड उजेडात टांगून बघणारा माणूस दोष दिसला की अशीच फुली मारतो. फुलीचं कापड पुढे सरकत नाही. सांधणारीनं दोष भरल्याशिवाय ती फुली पुसायची नाही, हा कायदा. वरच्या आळीला तो ठाऊक नव्हता. खालच्या आळीत मात्र शेंबड्या पोरालाही कळलं, की इन्स्टिट्यूटच्या पाटीत धागा गळलाय.

मिस इबट्सननं फुली पुसली. शनिवारी थर्झानं मारली. पुसली. मारली. समितीनं पत्र पाठवलं, सभासदत्व जाईल. थर्झानं त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं: कोणत्या नियमानं, आणि का? मार्चभर हेच चाललं. मग एप्रिलमध्ये गिरणीनं सांधणखातं उन्हाळ्यात बंद करायची नोटीस लावली. कापड आता परदेशातूनच विणून-सांधून यायचं होतं. मला वाटलं आता ही खडू टाकेल. काम चाललंय, पाटीचं काय घेऊन बसायचं? मी तसं म्हणालोही.

"जॉबरा," ती म्हणाली, "खोलीला कुलूप लागल्यावर त्या पुस्तकातलं चित्तरच तेवढं खरं ऱ्हानार. आता न्हाई तर कवा?"

त्या शनिवारी फुली नेहमीपेक्षा मोठी होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मास्तर गिरणीच्या दारात उभे. एकटे, छत्री घेऊन. मला म्हणाले, "मला एक तुकडा पाहायचा आहे. मागावरून उतरल्यापासून." मी पुढे झालो. ते सांधणखोलीत थर्झाच्या टेबलाशी उभे राहिले, बसायला स्टूल दिलं तरी बसले नाहीत. तिनंही मान वर केली नाही. गळलेला धागा सापडला तेव्हा तिनं त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. "लागलं?"

"नाही."

"पुन्हा. डोळं मिटा."

पाचव्या खेपेला मास्तर म्हणाले, "हो. इथे." मग ते त्या तुकड्याच्या मागोमाग कुटणखात्यात गेले, साबणाच्या वाफेत चष्मा पुसत दुपारपर्यंत थांबले. तुकडा बाहेर आला तशी त्यांनी डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग छत्री उचलून गेले.

शनिवारी त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. आम्हालाही. या खेपेला आम्ही भिंतीशी उभे राहिलो नाही, खुर्च्यांवर बसलो.

"माझ्या उत्तरात," मास्तर म्हणाले, "एका ठिकाणी चूक आहे. एकाच. सांधणी सहावी. तेव्हा अचूक कागद एकच होता. रचनाकाराचं उत्तर अंतिम असतं, आणि हे माझं अंतिम उत्तर आहे."

"माझं नाव खरवडा, आनंदानं खरवडा," डॉक्टर ओरडला.

"एकाच ठिकाणी म्हनता," थर्झा उठत म्हणाली, "पन एक धागा गळला तरी अख्खा तुकडा माघारी येतो आमच्याकडं."

"मान्य, मिसेस ग्रीनवुड."

"मंग रीतीपरमानं खुलासा करते."

मिस इबट्सन चाचरली. "आता मे आहे. उत्तरं सगळ्यांना पाठ झाली आहेत. आपण थेट चहाच..."

"उत्तरं पाठ हायती. 'का' कुनाला पाठ हाय?" थर्झानं खडू घेतला. कोड्यात एकंदर छत्तीस सूत्रं होती. तिनं एकापासून सुरुवात केली. एकेक शब्द उसवायचा, फळ्यावर मांडायचा, एकही रिकामा राहिला नाही हे दाखवायचं, मग पुढचं. मध्येच विल्फला उभं करून विचारायची, "कळलं का?" तो "व्हय" म्हणाला की, "मंग सांग, का?" आणि विल्फ निळे हात हलवत अडखळत सांगायचा, आणि वरची आळी त्याला टाळ्या द्यायची. चहा गार झाला. दोनदा तिनं मास्तरांच्या सूत्रात फालतू शब्द पकडला आणि मास्तरांनी तो वहीत टिपून घेतला.

पंचविसाव्या सूत्राला बँकेच्या मॅनेजरनं घड्याळ पाहिलं आणि हळूच कोटाला हात घातला.

"बसा," थर्झा फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाली. "अजून अकरा हायती."